चौथी सीट

मोठ्या सरांनी मला आत बोलावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पंचनाम्यात मुद्देमाल धरतात तसा, दोन बोटांत आणि अंगापासून लांब.

"हे काय आहे?"

मी वाचलं. आदल्या रात्री पावणेअकराला सरांनी ऑफिसातल्या आर्टिकल मुलीला, म्हणजे सीएची उमेदवारी करणाऱ्या मुलीला, मेसेज पाठवला होता. सुरुवात 'चि.'ने, शेवट 'कळावे'ने आणि मध्ये अकरा ओळी. पाचपाखाडीच्या पार्टीची बँक स्टेटमेंटं कुठल्या फायलीत आहेत, त्यातलं कुठलं पान गहाळ आहे, ते कुणाकडे मागायचं, मागताना कुठला विषय अजिबात काढायचा नाही, आणि सकाळी निघताना छत्री घे, कारण आभाळाचा भरवसा नाही. त्याखाली मुलीचं उत्तर होतं. एकच अक्षर. 'के'.

"ओके म्हणतेय, सर."

"ते समजलं मला. 'ओ' कुठे गेला? तेवढाही वेळ नाही? मला हे लिहायला पाऊण तास लागला."

मी बाहेर येऊन मुलीला विचारलं. ती बिचारी खरोखर गोंधळली. "अहो, वाचलं ना मी सगळं. छत्रीपण आणलीये. अजून काय लिहू? 'ओके' लिहून पुढे टिंब दिलं असतं तर मी चिडलेय असं वाटलं असतं ना सरांना."

मी परत आत गेलो. "सर, ती म्हणाली, आपला सविस्तर निरोप मिळाला, त्याप्रमाणे करते, आणि छत्रीबद्दल विशेष आभार."

"एवढं म्हणाली?"

"भावार्थ, सर."

ही माझी नोकरी आहे. नेमणूकपत्रात 'मॅनेजर' लिहिलंय, पगार त्याच नावानं मिळतो, पण दिवसातले निदान तीन तास मी दुभाष्याचं काम करतो. मराठीतून मराठीत.

लोकलमधलं बाक रेल्वेच्या हिशोबानं तिघांचं आहे. चौथा बसतो ती रेल्वेनं दिलेली सोय नव्हे, तो प्रवाशांचा आपसातला करार आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्यात आली, तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते. म्हणजे त्या दिवशी चौथी सीट नसणार, तिचा शोध मागाहून आपल्याच लोकांनी लावला. चौथ्या सीटवरचा माणूस अर्धा बाकावर असतो आणि अर्धा हवेत. आतले तिघं त्याला 'बसलेला' समजतात, उभे असलेले त्याला 'आडवा आलेला' समजतात. फोर्टातल्या नोकरीपायी मी एकोणीस वर्षं असा टेकलो. मग कंबर बोलायला लागली, आणि घरापासून सात मिनिटांवर, नौपाड्यातच, एका सीएंच्या ऑफिसात नोकरी धरली. म्हटलं, आता ऐसपैस बसू. येऊन पाहतो तर इथेही माझ्यासाठी चौथीच सीट राखून ठेवलेली.

माणसांची नावं सांगत नाही. मला नौपाड्यातच राहायचंय, आणि संध्याकाळी सात वाजता गोखले रोडवर आपण ज्याला चुकवावं तोच नेमका समोरून पिशव्या सावरत येतो.

ऑफिस घंटाळीच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मुळात तो दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा ब्लॉक. बेडरूममध्ये मोठे सर बसतात, हॉलमध्ये आम्ही, आणि स्वयंपाकघरात रेकॉर्ड. ओट्यावर १९९८पासूनच्या फायली, मांडणीत त्याआधीच्या, आणि ज्या पार्ट्यांनी अजून फी दिलेली नाही त्यांच्या सिंकमध्ये. दाराशी एक सागवानी बाकडं आहे, तीन पार्ट्या बसतील एवढं. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार असं मी लागलो त्या दिवसापासून ऐकतोय. तेव्हा रंग काढायचा नाही, नळ बदलायचा नाही, असा ठराव आहे.

मोठे सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या तरुणपणी आर्टिकल व्हायचं तर उमेदवारालाच सीएला प्रीमियम म्हणून पैसे मोजावे लागत. सरांच्या वडिलांनी ते कर्ज काढून मोजले होते. आता उलट आहे, स्टायपेंड आपण द्यायचा. शिवाय जुलै २०२३पासून उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. "पैसे भरून तीन वर्षं मी शिकलो," सर म्हणतात, "आणि ही मुलं पैसे घेऊन दोन वर्षांत शिकतात. म्हणजे हुशार कोण?" हा प्रश्न ते रागानं विचारतात की कौतुकानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काका एकाहत्तरचे. बँकांनी २०००-०१च्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा शेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडले आणि 'दोन महिने जरा हात लावतो' म्हणून आमच्याकडे आले. ते दोन महिने अजून चालू आहेत. उभी बेरीज ते नुसत्या नजरेनं करतात. बोट वरून खाली एकदा फिरलं की आकडा तोंडातून बाहेर. एक्सेलनं केलेली बेरीज मात्र ते कॅल्क्युलेटरवर तपासतात. कारण विचारलं तर म्हणतात, "त्याला मी ओळखत नाही."

मग मी, सत्तेचाळीस. आणि बाकी आर्टिकल. ती डोंबिवलीची मुलगी आणि कळव्याचा एक मुलगा, दोघंही एकवीस-बावीसची. मुलीला चौथी सीटसुद्धा मिळत नाही, ती डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत उभी येते आणि ऑफिसात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही. काकांना हा उर्मटपणा वाटायचा. त्यांना सांगून पाहिलं, पण पटेना. एकदा मुद्दाम काहीतरी काम काढून मी त्यांना सकाळी आठला डोंबिवलीला पाठवलं. परत आल्यावर काका पाऊण तास कुणाशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून मुलगी आली की ते स्वतः उठून पंखा तीनवरून पाचवर करतात.

कंपन्यांमध्ये पिढ्या हाताळायचं शास्त्र झालंय म्हणतात. ते शिकायला सरांनी मला एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं होतं, एका मोठ्या हॉटेलात, जेवणासकट. पडद्यावर चार रंगांची चार माणसं होती, बूमर, एक्स, मिलेनियल आणि झेड. युद्ध संपल्यावर अमेरिकेत पाळणे हलले त्या मुलांचं नाव बूमर. 'मिलेनियल' हा शब्द स्ट्रॉस आणि हाऊ या दोघा अमेरिकनांनी १९९१च्या पुस्तकातून रूढ केला. सगळं बरोबर असेल. पण आमचे मोठे सर १९४८ साली ठाण्यात जन्मले तेव्हा इथे कुठली भरभराट होती? रेशन होतं. त्यांना बूमर म्हटलं तर ते पावती मागतील.

त्यापेक्षा १९२८ साली कार्ल मानहाइम नावाचा समाजशास्त्रज्ञ शहाण्यासारखं लिहून गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एका साली जन्मल्यानं पिढी होत नाही, कोवळ्या वयात एकच मोठी घटना अंगावर आली की होते. हे मला पटतं, कारण आमच्याकडे त्याची सोपी चाचणी आहे. विचारायचं, '२६ जुलैला कुठे होतास?' साल सांगायचं नाही. ज्याला साल विचारावं लागतं तो धाकट्या पिढीतला.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी फोर्टातच ऑफिसच्या टेबलावर झोपलो, पोटात दोन बिस्किटं. मुलगी तेव्हा आईच्या कडेवर होती, तिला सांगण्यासारखं काही नाही. काका मात्र रुळांवरून चालत ठाण्याला आले. मी लागलो तेव्हा ते घाटकोपरहून चालत आले होते. दोन वर्षांनी विद्याविहारहून आले. मागच्या पावसाळ्यात आर्टिकलना सांगताना ते कुर्ल्याहून निघाले. असंच चाललं तर ही मुलं सीए होईपर्यंत काका थेट बोरीबंदरहून निघालेले असतील.

शिबिरातून मी एकच हत्यार घेऊन आलो. कुणाची चूक सांगायची तर आधी थोडं कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक, असं सँडविच करून द्यायचं. पहिला प्रयोग काकांवर केला, कारण त्यांनी एका पार्टीला फोनवर 'तुमच्या वडिलांना अक्कल होती' असं सांगितलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो. "काका, तुमच्या अनुभवाला ऑफिसात तोड नाही..."

काकांनी हात वर केला. "मधलं काय ते बोल. पाव मी आत्ताच गजाननकडे वड्याबरोबर खाऊन आलोय."

माणसाला हाक कशी मारायची, हा प्रश्न इंग्रजीत काम करणाऱ्या ऑफिसांना पडत नाही. 'यू' म्हटलं की चपराश्यापासून चेअरमनपर्यंत सगळे एका मापात बसतात. आमच्याकडे तू, तुम्ही आणि आपण असे तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, आणि कोण कुठल्या मजल्यावर राहतो याची पाटी कुठेच लावलेली नाही. काका यातून कधीच मोकळे झाले. ते सगळ्या जगाला अरेतुरे करतात, त्यात इन्कम टॅक्सचं पोर्टलही आलं. "तो आज झोपलाय," ते सांगतात, "दुपारनंतर उठव त्याला."

मोठ्या सरांवर संस्कार असा, की कामाच्या जागी बाईमाणसाला अहोजाहोच करायचं, मग ती वयानं कितीही लहान असो. लिहिताना 'चि.' चालतं, कारण पत्राचे नियम वेगळे. समोर मात्र 'अहो, ते लेजर आणता का?' पहिल्याच आठवड्यात मुलगी माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. "माझं काही चुकलं का? सर मला अहो म्हणाले. आमच्या घरी बाबा आईला अहो म्हणायला लागले की दोन दिवस भांडण असतं."

मी सांगितलं की हा मान आहे.

"मग तुम्ही मला अगं म्हणता ते?"

यावर उत्तर द्यायला मला कुठलंच शिबिर सापडलेलं नाही.

माझंही नीट जमलं नाही म्हणा. पहिल्या दिवशी तिनं मला 'काका' अशी हाक मारली आणि आम्ही दोघांनी एकदम 'ओ' दिली. एका ऑफिसात दोन काका चालणार नाहीत हे काकांनीच सांगितलं, ज्येष्ठतेच्या हक्कानं. 'सर' म्हणावं तर आतून मोठे सर ओ देतात. शेवटी मी 'दादा' झालो. मला आधी बरं वाटलं, वय कमी झाल्यासारखं. मग लक्षात आलं की ती रिक्षावाल्याला, झेरॉक्सवाल्याला आणि इन्कम टॅक्स ऑफिसातल्या साठीच्या शिपायालाही दादाच म्हणते.

कळव्याचा मुलगा वेगळ्याच धाटणीचा. मार्चअखेरीस, ऐन वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, त्याचा सकाळी साडेआठला ग्रुपवर मेसेज आला: 'आज येत नाहीये. मेंटल हेल्थ डे.'

सरांनी मला आत बोलावलं. "हा कुठला दिवस? आपण सुट्टी जाहीर केली नव्हती." तेवढ्यात काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून पुढची-मागची पानं बघितली होती. "यात नाही," ते म्हणाले.

मी अनुवाद केला. मन थकलंय, विश्रांती पाहिजे म्हणतोय. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मार्चमध्ये माझं मन १९७४पासून थकतंय. पण ते असं कळवायचं असतं हे ठाऊक नव्हतं."

काकांचा आक्षेप मात्र निराळा निघाला, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच सगळ्यात खोल वाटतो. ते म्हणाले, मुलगा आला नाही त्याचं काही नाही, त्यानं खरं कारण सांगितलं हे चुकलं. रजा मागताना वरच्या माणसाला नाही म्हणता येणार नाही असं कारण पुरवायचं, ही खालच्याची जबाबदारी. माणसाला दोन आज्या असतात. बँकेच्या रजेच्या रजिस्टरात काकांच्या पाच वारल्या. पाचव्या वेळी मॅनेजरनं अर्जावर सही करता करता विचारलं होतं, "आता किती उरल्या?" आणि काकांनी सांगितलं होतं, "एक आहे, साहेब, पण ती गणपतीसाठी ठेवलीय."

"म्हणजे त्यालाही माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"अर्थात."

"आणि तुम्हालाही माहीत होतं की त्याला माहीत आहे."

"मग?"

"मग खरंच का नाही सांगायचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हे आता तू समजावून सांग, असं त्या नजरेत होतं. मी फायलीत डोकं घातलं.

फोनचं प्रकरण तर विचारूच नका. काकांना मेसेज आला की ते फोन करतात. मुलांना फोन आला की ती तो वाजून बंद होईपर्यंत बघत राहतात, आणि मग मेसेज करतात, 'बोला'. काका त्यावर पुन्हा फोन करतात. माझ्या डोळ्यांदेखत, सहा फुटांच्या अंतरावर बसून, काका आणि तो मुलगा यांच्यात हे चार वेळा झालंय. फोनवर काका ओरडून बोलतात. ट्रंककॉल लावून मोठी झालेली पिढी ती. अंतर जास्त तेवढा आवाज जास्त, हा त्यांचा नियम, त्यामुळे पार्टी नाशिकची असली की आम्ही दार लावून घेतो.

मराठी टायपिंगमध्ये तर तीन राज्यं आहेत. सरांकडे अजून गोदरेजचं टाइपरायटर आहे, रेक्झिनच्या झग्यात. काका ज्या फॉण्टमध्ये सोसायट्यांची पत्रं टाइप करतात तो युनिकोडच्या आधीचा, त्यामुळे त्यांचं पत्र मुलीच्या लॅपटॉपवर उघडलं की 'मा. अध्यक्ष महोदय'च्या जागी उद्गारचिन्हं, कंस आणि डॉलर अशी भेळ येते. आणि मुलगी मुळात टाइपच करत नाही, फोनशी बोलते. तिनं काकांनाही ते शिकवलं. काकांनी पहिलंच वाक्य सांगितलं ते विष्णूनगरच्या एका सोसायटीसाठी, 'आपल्या सोसायटीचा ताळेबंद सोबत जोडला आहे.' फोननं ऐकलं 'टाळेबंदी' आणि काकांनी चष्मा न लावता पाठवून दिलं. दहा मिनिटांत सेक्रेटरींचा फोन. टाळेबंदी कुणी केली, कोर्टाची ऑर्डर आहे का, आणि दूधवाल्याला सोडायचं की नाही?

नौपाड्यात पिढ्या बघायच्या तर दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे बाहेर पडावं. तलावपाळी आणि राम मारुती रोडवर तरुण पोरापोरींची ही झुंबड, सगळी नव्या कपड्यांत, सगळ्यांचे फोन वर. त्याच वेळी कुठल्या तरी सभागृहात साठीच्या पुढची मंडळी भूपाळी ऐकत बसलेली. गेल्या दिवाळीत मी सरांना गाणं संपल्यावर घरी सोडत होतो, आणि आम्ही ऐन राम मारुती रोडवर अडकलो. ढोल, स्पीकर, रेटारेटी. सरांचं धोतर माझ्या मुठीत. एवढ्यात गर्दीतून कळव्याचा आमचा मुलगा निघाला, गॉगल लावून, सकाळी साडेसातला. त्यानं दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "ए, साइड द्या रे, आमचे सर आहेत!" गर्दी बाजूला झाली. सर मधून चालत गेले, हात जोडून, पंढरपूरला मानाची पालखी जावी तसे. पुढे गेल्यावर मला विचारतात, "त्याचं मन आता बरं आहे ना?"

आता या वर्षीची गोष्ट.

आमच्या धंद्यात कायदा बदलला की एकेका पिढीची विद्या भंगारात जाते, हे तसं नवीन नाही. सरांनी काम सुरू केलं तेव्हा व्यापाऱ्यांची वर्षं दिवाळीला संपायची, १९८९पासून सगळ्यांना सक्तीनं ३१ मार्च आला. काका विक्रीकराचे पंडित झाले तेवढ्यात एप्रिल २००५ला व्हॅट आला. व्हॅट मी फोर्टात घोकून पाठ केला, तो जुलै २०१७मध्ये जीएसटीनं पुसला. पण इन्कम टॅक्स १९६१चाच होता. तो सरांचा गड. 'एटी सी', 'फोर्टी फोर एबी', 'फोर्टी थ्री बी' ही कलमं ते शेजाऱ्यांची नावं घ्यावीत तशी घेत. पार्टी दारातून आत आली की तिला कुठलं कलम लागणार हे त्यांना चपलांच्या आवाजावरून कळे.

१ एप्रिल २०२६ला नवा कायदा लागू झाला. कलमं आठशेएकोणीसची पाचशेछत्तीस झाली, आणि सगळ्यांचे नंबर बदलले. 'एटी सी' आता एकशेतेवीस. टीडीएसची अख्खी १९४ची चाळ उठवून ३९३ नंबरच्या एकाच इमारतीत नेली. रीडेव्हलपमेंटच म्हणायची, फक्त ही खरोखर झाली. शिवाय गेल्या वर्षाचं रिटर्न जुन्या कायद्यानं आणि चालू वर्षाचा टीडीएस नव्या कायद्यानं, म्हणजे दोन्ही बिऱ्हाडं एका वेळी सांभाळायची.

मला सरांची काळजी वाटली. काकांची वाटली. मुलांची वाटली, कारण जुना कायदा त्यांना धड येण्याआधीच नवा आला. मी ठरवलं की हा प्रश्न हाताळायचा. पंधरा स्लाइडा केल्या. सगळ्यांना मेल लिहिला: 'नव्या कायद्याच्या ट्रान्झिशनबाबत अलाइन होण्यासाठी एक कॉल ब्लॉक करत आहे, ज्येष्ठांना लूपमध्ये ठेवावे, आपले इनपुट्स ईओडीपर्यंत शेअर करून योग्य ती कार्यवाही करावी.' कुणाचं उत्तर आलं नाही. 'के'सुद्धा नाही.

दोन दिवसांनी मी बँकेतून परत आलो तेव्हा चार वाजले होते. ऑफिसातली वीज गेलेली, उकाडा, म्हणून तिघं दाराशी बाकड्यावर येऊन बसली होती. मोठे सर, त्यांच्याशेजारी मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि कडेला काका. मुलगा पायरीवर. मी जिन्याच्या कोपऱ्यात थांबलो.

"एकशेतेवीस," मुलगी म्हणाली.

"हं. एटी सी. त्याच्याआधी अठ्ठ्याऐंशी होतं ते, तेव्हा सूट निराळी मिळायची," सर म्हणाले. "का बदललं सांगू?" आणि त्यांनी सांगितलं. पाच मिनिटं. मुलगी न हलता ऐकत होती. मुलगा काहीतरी टिपून घेत होता, कागदावर, पेननं.

"मग हे तीनशेत्र्याण्णवचं कोष्टक?"

"वाच."

ती वाचत गेली, काका बोटांवर जुने नंबर लावत गेले. एकदा सरांचं चुकलं. तिनं सांगितलं, "नाही सर, ते इथे नाहीये." सरांनी वाकून पडद्यावर बघितलं, चष्मा वर केला, खाली केला.

"के," सर म्हणाले.

मी चाटच पडलो. इतके दिवस या माणसांमध्ये मी पूल बांधत होतो, आणि ती खालून पायी जाऊन-येऊन होती. चहाचे पेले रिकामे झालेले, कागदात वड्याचे तुकडे, पिवळी चटणी. म्हणजे हे आजचंच नव्हतं.

"सर, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "दादांचा तो मेल आला ना, त्यात आपण नक्की काय करायचंय?"

"मलाही कळला नाही," सर म्हणाले. "मी दोनदा वाचला. अलाइन म्हणजे गाडीच्या चाकांचं करतात ते ना?"

"आम्हाला वाटलं तुमच्या वेळचे शब्द असतील."

"छे. आम्हाला वाटलं तुमच्या."

काका म्हणाले, "त्याचं असंच असतं. मी विचारत नाही. उगाच त्याला वाईट वाटतं."

"त्यांना सरळ फोन करावा का?" मुलानं पायरीवरून विचारलं. फोन! त्या मुलानं!

तेवढ्यात माझी चप्पल वाजली. चौघांनी वर बघितलं. सरांनी लगेच गंभीर चेहरा केला, काकांनी चटणीचा कागद चुरगळला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वीज कधी गेली? मग हातातली बँकेची पासबुकं उगाचच या हातातून त्या हातात केली.

"उभे का, दादा? बसा ना," मुलगी म्हणाली, लॅपटॉपवरून मान न उचलता. आणि तिघंही, न बोलता, थोडी थोडी आत सरकली.

मी टेकलो. एक बाजू बाकावर, एक हवेत.

"तीनशेत्र्याण्णव," ती म्हणाली. "पुढचं कोष्टक."